सत्तावीस की अठ्ठावीस

पांढऱ्या रंगाची किती रूपं असतात हे विचारायचं असेल, तर थोरलीला विचारावं. लाँड्रीत पांढऱ्या कपड्यांच्या टेबलावर ती एकोणीस वर्षं उभी होती. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे कोट, मोठ्या जेवणांच्या टेबलांवरची कापडं. गाठोडं सोडलं की ती नुसत्या नजरेने ढीग लावायची. कुठली चादर कुठल्या हॉटेलची हे शिक्का न बघता सांगायची, आणि शिक्का शोधत बसणाऱ्यांकडे अशी बघायची की त्या बिचाऱ्यांना आपल्याला डोळे आहेत याचीच लाज वाटावी. त्यामुळे आईच्या खोलीला रंग निवडायची वेळ आली तेव्हा तिने कुणाला म्हणून विचारलं नाही. नवऱ्याला तर नाहीच. नवऱ्याच्या मते रंग तीनच होते : पांढरा, काळा आणि बाकीचे.

आई एकटी राहायची, तिसऱ्या मजल्यावर. आधी तिच्या गुडघ्यांनी जिन्याशी वैर धरलं, मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले. डोळ्यांची ऑपरेशनं झाली की वरची जागा सोडायची आणि एका मुलीकडे कायमचं राहायला जायचं, असं ठरलं. कुठल्या मुलीकडे, हा प्रश्न थोरलीला पडलाच नव्हता. तिने मागची खोली मनातल्या मनात आईला देऊनही टाकली होती. पण आई म्हणाली, "दोघी आपापली खोली तयार करा. डोळे झाले की दोन्हीकडे येते, बघते, मग सांगते. आंधळेपणी ठरवायला नको." म्हणाली हसत हसतच. धाकटीही हसली. थोरलीला मात्र हसू आलं नाही, कारण धाकटीबरोबर एका परीक्षेला बसायचं आणि धाकटीने पुढे जायचं, हे तिने आयुष्यभर बघितलं होतं.

थोरलीचा मत्सर काही आजकालचा नव्हता. चांगला चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा, मुरलेला होता. आई शिवणकाम करायची आणि दोघींना एकाच ताग्यातले फ्रॉक शिवायची, म्हणजे भांडण नको. थोरली दोन्ही फ्रॉकच्या चुण्या मोजायची. धाकटीच्या फ्रॉकला दोन जास्त निघाल्या होत्या, आणि हे ती बावन्नाव्या वर्षीही विसरली नव्हती. धाकटी आता पोरांना पोहायला शिकवायची. तिच्या घरात खुर्च्यांवर ओले टॉवेल, कोपऱ्यात चपलांचा ढीग, आणि आलेला माणूस उठायचं नाव घ्यायचा नाही. थोरलीच्या घरात आरशासारखी फरशी, चादरीला एक सुरकुती नाही, आणि आलेला माणूस खुर्चीच्या कडेवर बसून चहा संपला की निघायचा. लोकांना धाकटीकडे काय मिळतं हे कोडं थोरलीला कधी सुटलं नाही. आई पण दर सुट्टीला तिच्याकडेच जायची. थोरलीला आई हवी होती, हे तर खरंच. सकाळी उठल्यावर स्वयंपाकघरात आईची चाहूल हवी होती. पण ती धाकटीला मिळू नये, हेही तितकंच हवं होतं, आणि यातलं कुठलं किती, हे तिने कधी वेगळं करून बघितलं नव्हतं.

रंगारी दोघींचा एकच. वयस्कर, हडकुळा, कामात चोख. त्याची एक पद्धत होती. दुकानातल्या कार्डांवर त्याचा विश्वास नव्हता. "छापलेला रंग आणि ओला रंग, दोघंही खोटं बोलतात," म्हणायचा. तो पुठ्ठ्याच्या वीतभर तुकड्यांना रंगाचे दोन-दोन हात द्यायचा, वाळू द्यायचा, आणि गिऱ्हाइकाने पसंत केलेल्या तुकड्याच्या मागे पेन्सिलीने त्या घराची खूण लिहून तोच दुकानात पाठवायचा. दुकानातलं यंत्र त्या तुकड्याचा रंग मोजून डबा बनवायचं. नंतर कुणी तक्रार केलीच तर तो तुकडा भिंतीला टेकवून दाखवायचा. तीस वर्षांत ही वेळ दोनदाच आली होती आणि दोन्ही वेळा गिऱ्हाईकच चुकलं होतं.

रंगांना कार्डावर मोठी नावं होती, पण ती कुणी घ्यायचं नाही. सत्तावीस आणि अठ्ठावीस, बस्स. फरक म्हणाल तर एकोणीस-वीसचा. सत्तावीस सायीसारखा, पिवळ्याचा नुसता वास लागलेला. अठ्ठावीसमध्ये पिवळ्याऐवजी करड्याचा थेंब, ढगाळ दुपारी दोरीवर असलेल्या चादरीसारखा. थोरलीने चार दिवस ते तुकडे घरभर फिरवले. सकाळच्या उजेडात धरले, दुपारच्या उन्हात धरले, दिव्याखाली धरले, शेजारी उशीचा अभ्रा ठेवून बघितले. सत्तावीस एकटा बघावा तर पांढराच. अठ्ठावीस शेजारी आला की त्याचं पिवळेपण उघडं पडायचं. अठ्ठावीस एकटा बघावा तर तोही पांढराच, आणि सत्तावीस शेजारी आला की हा आजारी दिसायचा.

"अहो, कुठला उबदार वाटतो?" तिने शेवटी नवऱ्याला विचारलंच.

"दोन आहेत?" नवरा म्हणाला.

ऑपरेशनच्या आधी ती तुकडे घेऊन आईकडेही गेली. आईने खिडकीशी जाऊन दोन्ही तुकडे नाकाला लावले, मान तिरकी केली, पापण्या मिटल्या-उघडल्या आणि म्हणाली, "तू मला एकच रंग दोनदा दाखवतेयस." मग थोरलीने आपल्याच अकलेने ठरवलं. निळसर-करडा पांढरा म्हणजे हॉटेलचा पांढरा, परक्या माणसांसाठी धुतलेला. घरच्या पांढऱ्यात थोडं पिवळं असतंच, घरात माणसं राहतात म्हणून. सत्तावीस. एकोणीस वर्षांचा अनुभव सांगत होता, सत्तावीस.

रंगाऱ्याने काम सुरू केलं. दुसऱ्या दिवशी शिडीवर उभा राहून जुना रंग खरवडता खरवडता तो सहज बोलून गेला, "तुमच्या बहिणीनेही सत्तावीसच सांगितलाय बरं का."

थोरलीच्या हातातलं फडकं तिथेच थांबलं. "तिला काय माहीत सत्तावीस?"

"त्यांनी विचारलं, ताई कुठला लावतेय. मी सांगितलं. म्हणाल्या, मग तोच लावा, ताईच्या नजरेला तोड नाही."

दुसरी एखादी असती तर फुलली असती. थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चार दिवस घरभर तुकडे घेऊन फिरायचं हिने, आणि एका फोनवर आयतं उचलायचं तिने! अभ्यास एकीचा, मार्क दोघींना. पण खरी आग त्याच्याही खाली होती आणि ती लागायला पाच मिनिटं गेली. दोन्ही खोल्या सारख्याच असतील, तर आई खोल्या बघणारच नाही. मग ती माणसं बघेल. इकडे सुरकुती नसलेली चादर आणि तोंड मिटून काम करणारी थोरली, तिकडे ओले टॉवेल आणि खदखदा हसणारी धाकटी. निकाल काय लागणार ते थोरलीला आत्ताच पाठ होतं.

खिडकीच्या कट्ट्यावर, दुकानात पाठवायच्या पाकिटाशेजारी, चार वाळलेले तुकडे होते. दोन सत्तावीसचे, मागे पेन्सिलीने लिहिलेलं : एकावर 'थोरल्या बाई, मागची खोली', दुसऱ्यावर 'धाकट्या बाई, आतली खोली'. आणि दोन अठ्ठावीसचे, मागे कोरे. ते आता कचऱ्यात जायचे होते. रंगारी हात धुवायला मोरीत गेला. नळाचा आवाज येत होता.

थोरलीने कानामागची पेन्सिल काढली. लाँड्रीत हिशेबाच्या पावत्यांवर लिहायची तिची सवय होती, ती पेन्सिल कायम तिथेच असायची. एका कोऱ्या अठ्ठावीसच्या मागे तिने रंगाऱ्याच्या वळणात, त्याच्यासारखंच वाकडं, लिहिलं : 'धाकट्या बाई, आतली खोली.' तो तुकडा दुकानात जाणाऱ्या त्या पाकिटात सरकवला. धाकटीचा खरा तुकडा पदराआड नेऊन कपाटातल्या चादरींच्या घडीत खुपसला. नळ बंद झाला तेव्हा ती खिडकीचे गज पुसत होती.

आपण काही फार मोठं केलं नाही, अशी तिने मनाची समजूत घातली. काडीचा तर फरक. कुणाला कळणारसुद्धा नाही. आणि कुणाला कळणार नाही तर आपण ते केलं कशाला, या प्रश्नापाशी मन आलं की ती फडकं आणखी जोरात घासायची.

कळलं, आठ दिवसांनी. धाकटीचा फोन आला.

"ताई, घोळ झाला गं." हसण्याऐवजी नाक ओढल्याचा आवाज. "खोली कशीतरीच दिसतेय. थंड. डॉक्टरच्या खोलीसारखी. मी रंगारीदादांना म्हटलं, हा सत्तावीस नाही. ते नाही म्हणाले. तुकडा आणून भिंतीला लावला, तर तुकडाही तसाच! मग त्यांनी तुकडा उजेडात नेला आणि मटकन खालीच बसले. अठ्ठावीसचा तुकडा पाठवला त्यांनी. स्वतःच्या हाताने नाव लिहून."

"अरे देवा," थोरली म्हणाली. आवाज नीट निघाला. आत मात्र काहीतरी गोड गोड पसरत होतं, नाकारून उपयोग नाही. धाकटी रडतेय आणि आपण कोरड्या आहोत, हा प्रसंग तिच्या आयुष्यात पहिलाच होता.

"फुकट परत लावून देतो म्हणाले. तीस वर्षांत असं झालं नाही म्हणून हात जोडत होते. मलाच कसंतरी झालं. पण आई पुढच्या आठवड्यात येणार, डोळे नवीन... परत खरवडायचं, धूळ, वास... तू सांग काय करू?"

इथे थोरलीला एक संधी होती. "थांब, मी दोन दिवस आईला माझ्याकडेच ठेवते, तू रंग बदलून घे," एवढं एक वाक्य. ते तिच्या जिभेवर आलंही. पण पाठोपाठ चुण्या आठवल्या, सुट्ट्या आठवल्या. ती म्हणाली, "छे छे, वासाने डोळ्यांना त्रास होईल. राहू दे आता तसंच. आईला कुठं फरक कळतोय!"

"तू म्हणतेस तर राहू दे," धाकटी म्हणाली. "बिचाऱ्या दादांनी नवीन चष्मा केलाय. आता पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना नंबर लिहितात म्हणे."

फोन ठेवल्यावर थोरली मागच्या खोलीत जाऊन उभी राहिली. सत्तावीस तीन हातांनंतर असा बसला होता की बघत राहावं. दुपारचं ऊन भिंतीवर पडलं होतं आणि खोली अंगावर शाल घेतल्यासारखी दिसत होती. रंगाऱ्याच्या चष्म्याचा विचार तिने चादर ताणून सारखी करता करता बाजूला सारला.

आईची दोन्ही ऑपरेशनं छान झाली. आणि ज्याचा थोरलीने, पांढऱ्याच्या एवढ्या मोठ्या जाणकार बाईने, विचारच केला नव्हता, ते झालं. आईला दिसायला लागलं. नुसतं दिसायला लागलं नाही, तर डोळ्यांपुढे दहा-बारा वर्षं जे पिवळं झापड होतं ते निघून गेलं. दवाखान्यातून बाहेर पडताच ती आकाशाकडे बघून म्हणाली, "हे एवढं निळं कधी केलं?" स्वतःच्या घरातले पडदे बघून ती हबकली, कारण ते पांढरे आहेत असं तिला वाटायचं. "मला वाटायचं जग नीट धुतलं जात नाही हल्ली. माझेच डोळे मळलेले होते," ती सगळ्यांना सांगत सुटली. थोरलीनेही हे ऐकलं, हसली, आणि तरीही तिच्या डोक्यात दोन आणि दोन चार झाले नाहीत. मत्सराचं असंच असतं, तो डोळे धाकटीकडे लावून बसतो, बाकी काही बघू देत नाही.

आई आधी थोरलीकडे आली. मोठी म्हणून पहिला मान थोरलीला. दार उघडताच आई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "अगं, तुझे केस कधी पिकले?"

"झाली की चार वर्षं."

"आणि मला सांगितलं नाहीस!" आई म्हणाली, तिच्या गालाला हात लावला, आणि जावयाकडे वळून, "तुम्ही मात्र होता तसेच आहात," असं म्हणून मोकळी झाली. जावयाला हे बरं वाटलं की वाईट, हे त्याला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

थोरलीने मागच्या खोलीचं दार हळूच ढकललं. पलंग खिडकीशी, हाताशी दिवा, पायाशी मऊ पायपुसणं, उठताना धरायला भिंतीवर दांडी. ती दांडी बसवण्यासाठी तिने नवऱ्याला आईच्या उंचीइतकं वाकून तीन वेळा उठबस करायला लावली होती. आई पलंगावर बसली. दांडीला हात लावून बघितला. खिडकीतून बाहेर बघितलं. सगळ्या भिंतींवरून नजर फिरवली, सावकाश, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत.

"छान केलीस गं खोली," आई म्हणाली. "सगळा विचार केलास. आता रंगारी कधी येणारेय?"

नवऱ्याने एकदम खिडकीबाहेर काहीतरी बघायला सुरुवात केली.

"रंग झालाय आई," थोरली म्हणाली.

"हा?" आई उठली, भिंतीजवळ गेली, बोट फिरवलं. "असा का गं पण? न धुतल्यासारखा?" आणि मग मुलीचा चेहरा बघून घाईघाईने, "नाही नाही, चांगला आहे. माझे डोळे नवीन आहेत, मला सगळंच जरा वेगळं दिसतं."

न धुतल्यासारखा. हे थोरलीला! एकोणीस वर्षं जिच्या टेबलावरून एक मळकी चादर पुढे गेली नाही, तिला! दुसरं कुणी म्हणालं असतं तर तिने चार शब्द सुनावले असते. पण म्हणाली ती आई, आणि तीही अगदी निरागसपणे. थोरलीने चहा केला. अजून धाकटीकडे तर जाऊ दे, असं ती स्वतःला सांगत होती. तिथे डॉक्टरच्या खोलीसारखं थंड आहे. तिथे टॉवेल आहेत.

धाकटीकडे टॉवेल होतेच. चपलांचा ढीगही होता. दाराशी एका पोराचा पोहायचा चष्मा आईच्या पायाखाली येता येता राहिला. धाकटीने आईला मिठी मारली, ताईला मारली, मेहुण्यांना पाणी दिलं, आणि हे सगळं करताना एकीकडे बोलत होती. आतल्या खोलीचं दार उघडताना मात्र ती अडखळली.

"आई, रंगाचं आधीच सांगते. फसलाय. नंतर बदलून घेऊ."

आई आत गेली आणि थांबली. थोरली तिच्या मागे. पलंग जुनाच, पायपुसणं नाही, दांडी तर नाहीच नाही. एका खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग. आणि चारही बाजूंनी अठ्ठावीस. थोरलीने भिंतीकडे बघितलं आणि बघतच राहिली. ती खोली थंड नव्हती. खिडकी मोठी होती, बाहेर झाड होतं, त्याच्या पानांतून हिरवट-पिवळा उजेड आत येत होता, आणि त्या उजेडात करड्याचा तो एक थेंब विरघळून गेला होता. भिंती स्वच्छ, शांत, नुकत्या वाळलेल्या होत्या. याच खोलीत सत्तावीस मळला असता. पांढऱ्याची पारख असलेल्या बाईला हे दारातून एका नजरेत कळलं. कळायला नको होतं.

आई पलंगावर बसली. मग पाय वर घेतले, भिंतीला पाठ टेकली.

"इथं डोळा ठरतो," ती म्हणाली. "गेले आठ दिवस जिकडे बघावं तिकडे सगळं अंगावर येत होतं. इथं गप्प आहे." पाठीशी उशी घेत म्हणाली, "मी इथंच राहते गं. थोरले, तू वाईट वाटून घेऊ नकोस."

थोरली "नाही गं, वाईट कसलं" असं म्हणाली. हे वाक्य तिला तयार होतं, अशा प्रसंगांसाठी ते कायम घडी घालून ठेवलेलं असायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा खायचा हे तिला शिकवावं लागत नव्हतं. कदाचित तिने तो याही वेळी खाल्ला असता. पण धाकटी आनंदाने हसायला लागली, आणि हसता हसता म्हणाली :

"बघ, माझं नशीबच असं! मी सत्तावीस सांगितला, दादांनी चुकून अठ्ठावीस लावला, मी रात्रभर रडले, आणि आईला तोच आवडला! काही न करता मला कसं सगळं मिळतं, नाही का ताई?"

झालं. एवढं एक वाक्य तिने बोलायला नको होतं. आई गेली, ती थोरलीने गिळली असती. पण आईला जिंकून देणारा रंगही धाकटीच्या नशिबाच्या खाती? जी एक गोष्ट या घरात बिनचूक झाली होती ती थोरलीच्या हाताने झाली होती, आणि तीसुद्धा हिचीच? आपण काय बोलणार आहोत, त्याचं काय होईल, हे तिला सगळं दिसत होतं. दिसत असूनही ती बोलली.

"रंगाऱ्याची चूक नव्हती," ती म्हणाली. "नशीब-बिशीब काही नाही. तो रंग मी लावला. तुकडा मी बदलला, त्याच्या पाकिटात, माझ्या हाताने. ही खोली आवडली ना आई तुला? हिचा रंग माझा आहे."

बोलून झालं आणि क्षणभर तिला खरंच बरं वाटलं. खोलीत सगळे तिच्याकडे बघत होते, धाकटीकडे नाही.

आईने पाय खाली सोडले. नवे डोळे तिच्यावर लावले. रागावली नव्हती ती. तिला फक्त कळत नव्हतं.

"एवढा चांगला रंग," आई म्हणाली, "मग स्वतःच्या घरात का नाही लावलास?"

थोरलीने तोंड उघडलं. सांगण्यासारखं खूप होतं, चुण्यांपासून सुरुवात करता आली असती. पण प्रश्नाचं उत्तर एकच होतं, आणि खोटं बोलायला तिच्यात आता दम उरला नव्हता.

"मला वाटलं, तो वाईट आहे," ती म्हणाली.

धाकटीचं हसू गेलं. चेहऱ्यावरून ते एकदम पुसलं गेलं, आणि त्या बिनहसऱ्या चेहऱ्याने ती ताईकडे बघत राहिली. हाच चेहरा बघायला मिळावा असं थोरलीला लहानपणापासून कितीदा वाटलं होतं. आता तो समोर होता आणि तिला बघवेना. "मी तर तुला विचारलं होतं, फोन करून," धाकटी हळूच म्हणाली. "राहू दे म्हणालीस." मग ती खुर्चीवरचे कपडे उचलून घड्या घालायला लागली. एरवी ती कधी घड्या घालत नसे.

"आणि तो रंगारी?" आईने विचारलं.

"त्याचं काय?"

"त्याला कोण सांगणार?"

"दादांनी मोठी कामं सोडलीयेत ताई," धाकटी घड्यांकडे बघतच म्हणाली. "परवा शेजारच्या बंगल्याचं काम आलं होतं. म्हणाले, माझा आता भरवसा नाही, दुसऱ्याला बोलवा."

आईने हात पुढे केला. धाकटीने आपला फोन तिच्या हातात दिला. आईने तो दूर धरला, नावं वाचली, चष्म्याशिवाय, एकेक करून, आणि बरोबर नावावर बोट ठेवून फोन थोरलीपुढे धरला.

"मी राहणार इथंच," आई म्हणाली. "त्याचं तू आणि मी नंतर बोलू. आधी याच्याशी बोल."

घंटी वाजत होती. थोरलीने फोन कानाला लावला. नवरा दारात उभा होता, तो मुकाट्याने बाहेर गेला. पलीकडे फोन उचलला गेला, मागे कुठेतरी भिंत खरवडल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"बोला धाकट्या बाई."

"मी थोरली बोलतेय."

रंगाऱ्याने अगदी खालच्या आवाजात विचारलं, "बाई, तुमच्याकडेही माझं काही चुकलं का?"